डोक्यावर पूल, तरी द्वारका तुंबते कशी?

संध्याकाळी साडेसहाला नाशिकच्या द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर टपरीशी कटिंग घेऊन उभं राहावं. डोक्यावरच्या पुलावरून गाड्या धुळ्याकडे सुसाट निघालेल्या असतात. खाली येतो तो फक्त त्यांचा घोंगावणारा आवाज. आणि त्याच पुलाखाली नाशिकरोडची बस, दोन छोटे टेम्पो, कांद्याच्या गोण्या भरलेला आयशर आणि उरलेल्या फटींतून घुसलेल्या पंधरा-वीस दुचाकी असा एक गोळा झालेला असतो. हॉर्न सगळेच वाजवतात, हलत कोणीच नाही. मधोमध उभा असलेला पोलीस हात हलवून हलवून शेवटी नुसता बघत राहतो.

एवढा जवळपास सहा किलोमीटरचा उड्डाणपूल बांधला, २०१३ मध्ये तो खुला झाला, आणि तरीही खाली हे असं का? हा प्रश्न प्रत्येक नाशिककराने एकदा तरी विचारला आहे, बहुतेक वेळा क्लच दाबून बसलेला असताना. आता सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे, चौकाखालून रस्ता नेण्याची, म्हणजे अंडरपासची चर्चा आहे, चौकातल्या सर्कलवरून वाद आहेत. या सगळ्यात मूळ गोष्ट, म्हणजे चौक चालतो कसा आणि बंद पडतो कसा, ती मात्र कोणी नीट सांगत नाही. मी सिव्हिलचा माणूस. आयुष्य घरांच्या स्लॅबमध्ये गेलं, रस्त्यांत नाही. पण द्वारकावरून रोजचं जाणं-येणं, त्यामुळे हा विषय वाचावाच लागला.

## चौक म्हणजे टक्करजागांचा हिशेब

दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे चौक होतो, हे झालं शाळेतलं. वाहतूक इंजिनिअर चौकाकडे वेगळ्या नजरेने बघतो. कुठल्या गाडीची वाट कुठल्या गाडीच्या वाटेला छेदते, मिळते किंवा तिच्यातून फुटते, अशी प्रत्येक जागा तो मोजतो. या जागांना कॉन्फ्लिक्ट पॉइंट म्हणतात. आपण टक्करजागा म्हणू.

साधा चार रस्त्यांचा चौक, प्रत्येक रस्ता दुहेरी. त्यात टक्करजागा ३२. त्यातल्या १६ ठिकाणी वाटा एकमेकींना आडव्या छेदतात, आणि जिवावर बेतणारे अपघात मुख्यतः तिथलेच. तीन रस्ते मिळतात अशा तिठ्यावर हाच आकडा ९ होतो. एक रस्ता कमी झाला आणि टक्करजागा ३२ वरून ९ वर आल्या. म्हणजे उलट बघा: तिठ्याला एक रस्ता जोडला की त्रास एका रस्त्याएवढा वाढत नाही, साडेतीन पट होतो. या ३२ मध्ये पायी चालणारे अजून धरलेलेच नाहीत.

द्वारकाला चार मोठे रस्ते येतात: मुंबई नाका, आडगाव नाका-पंचवटी, नाशिकरोड आणि सारडा सर्कल. त्यात पुलाखालच्या सर्व्हिस रोडांची तोंडं धरा. कागदावर ३२ वाटणारा आकडा प्रत्यक्षात किती होतो, ते मोजायला बसलो होतो. चहा गार झाला.

## वर पूल आहे ना, मग खाली कोण?

पूल ज्याच्यासाठी बांधला त्याला तो उत्तम उपयोगी पडतो. मुंबईहून निघालेला आणि नाशिकमध्ये काम नसलेला माणूस वरच्या वर आडगावकडे निघून जातो. पुढे के. के. वाघ कॉलेजपासून जत्रा हॉटेलपर्यंतही पूल झाला. हा सरळ जाणारा प्रवाह खालून वजा झाला, हे खरंच आहे. पूल नसता तर आज द्वारकाची काय अवस्था असती, ते डोळ्यांपुढे आणवत नाही.

पण द्वारकाला फक्त मुंबई-आग्रा रस्ता नाही. जुना एनएच-३ आणि जुना एनएच-५०, म्हणजे आपला पुणे रोड, इथेच भेटतात. पुण्याहून, सिन्नरहून, नाशिकरोड स्टेशनकडून आलेल्याला धुळ्याकडे जायचं असेल तर द्वारकाला उजवीकडे वळायचं. मुंबई नाक्याकडून आलेल्याला नाशिकरोडला जायचं असेल तर त्यालाही उजवीकडेच वळायचं. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे डावीकडचं वळण म्हणजे कोपऱ्याला घासून निघून जाणं. उजवीकडचं वळण म्हणजे समोरून येणाऱ्या सगळ्यांना आडवं जाणं. चौकातली सगळ्यात महाग हालचाल तीच, आणि द्वारकाला ती एक नाही, अनेक आहेत. पुलाने सरळ जाणारे उचलले. वळणारे खालीच राहिले.

त्यांच्याबरोबर शहरही खालीच. काठे गल्लीतून भाजी घेऊन जाणारी बाई, सारडा सर्कलकडून क्लासला निघालेली मुलं, सिटीलिंकची बस, आणि त्यांच्याच रांगेत निफाडकडून निघालेला द्राक्षांचा कंटेनर. एकाला साडेतीनशे मीटर जायचंय, दुसऱ्याला थेट न्हावाशेवा बंदर गाठायचंय. दोघांना एकाच तोंडातून काढणं, हे द्वारकाचं मूळ दुखणं.

## हिरव्या दिव्याचं गणित

आता जरा आकडेमोड. घाबरू नका, पाचवीच्या वरचं काही नाही.

सिग्नल हिरवा झाल्यावर एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदांना एक मोटार सुटते. म्हणजे सलग तासभर हिरवा असेल तर १,८०० मोटारी. पण हिरवा सलग नसतो, वाटून घ्यावा लागतो. समजा पूर्ण फेरा १२० सेकंदांचा आहे आणि तुमच्या बाजूला ३० सेकंद मिळतात. तर तुमच्या लेनमधून तासाला जातील १,८०० च्या चौथा हिस्सा, ४५० मोटारी. रस्ता तोच, डांबर तेच, क्षमता पाव.

त्यातही गळती आहे. दिवा हिरवा झाला की पहिला गाडीवाला गिअर टाकतो, दुसरा बघतो, तिसऱ्याच्या हातात मोबाईल असतो. शेवटी पिवळा पडतो आणि चौक रिकामा होईपर्यंत पुढच्या बाजूला थांबावं लागतं. दर पाळीला असे चार-पाच सेकंद वाया जातात. चार बाजूंच्या चार पाळ्या म्हणजे एका फेऱ्यात १६ ते २० सेकंद कोणाच्याच उपयोगाचे नाहीत. म्हणून चौकात एखादी पाळी कमी करता आली, म्हणजे एखादं उजवं वळण बंद करून ते पुढून यू-टर्नने नेलं, तर सगळ्यांचाच हिरवा वाढतो. वळणाऱ्याला दोनशे-तीनशे मीटरचा फेरा पडतो आणि तो शिव्या देतो. त्याच्या शिव्या रास्त आहेत, पण हिशेबात तो फेरा बहुतेक वेळा स्वस्त पडतो. अट एकच: यू-टर्नची जागा रुंद हवी आणि मागे थांबणाऱ्यांना स्वतंत्र लेन हवी. नाहीतर एका चौकाचे दोन चौक होतात.

पिंपळगावच्या किंवा लासलगावच्या बाजार समितीत कांदा नेलेल्याला हे वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरची रांग दारापासून रस्त्यावर आलेली असते. म्हणून कोणी म्हणालं की दार मोठं करा, तर जुने शेतकरी हसतील. रांग दारामुळे नसते, आत वजनकाटा एकच असतो म्हणून असते. द्वारकाला येणारे रस्ते हे दार. चौकाचा मधला तुकडा हा वजनकाटा. नाशिकरोडकडचा रस्ता आणखी एक लेन रुंद केला, तर द्वारकाला जास्त गाड्या लवकर पोहोचतील आणि तिथे जास्त वेळ उभ्या राहतील.

## सर्कल: ठेवायचं की काढायचं?

द्वारकाच्या सर्कलवर नाशिककरांनी जेवढी चर्चा केली, तेवढी पाण्याच्या आवर्तनावर क्वचित केली असेल. लहान करा, मोठं करा, काढूनच टाका.

सर्कल ही मुळात चांगली युक्ती आहे. चार रस्त्यांच्या चौकात ३२ टक्करजागा, तर एका लेनच्या गोल सर्कलमध्ये ८. आणि त्या आठांत आडवी धडक एकही नाही; फक्त मिसळणं आणि फुटणं. शिवाय गोल फिरायचं म्हणजे वेग आपोआप उतरतो. जगभर सर्कल अपघात कमी करतात ते त्यामुळेच.

मग आपल्याकडे ते लॉक का होतं? सर्कल एका नियमावर उभं असतं. आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, बाहेरून येणाऱ्याने थांबायचं. आपल्याकडे आत फिरणारा उजवीकडून येतो, म्हणून उजवीकडच्याला वाट द्यायची. हा नियम नसेल तर काय होतं, ते इंग्लंडनेही भोगलंय. त्यांच्याकडे तो १९६६ मध्ये पक्का झाला, तोवर तिथलीही सर्कलं लॉक होत. बाहेरचे घुसत राहिले की आतल्यांना बाहेर पडायला जागा उरत नाही, आणि बाहेर पडणारा थांबला की त्याच्या मागचा गोल थांबतो. गोल असल्यामुळे शेपूट फिरून तोंडाला मिळते. मग सगळेच थांबतात, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटतं, आपल्या पुढचाच अडवतोय. ते खरंही असतं.

दुसरी मर्यादा आकड्याची. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मार्गदर्शनानुसार सगळ्या बाजूंनी मिळून तासाला साधारण ३,००० गाड्यांपर्यंतच सर्कल नीट चालतं. दोन महामार्ग भेटतात अशा ठिकाणी गर्दीच्या वेळी नुसत्या सर्कलच्या भरवशावर राहणं कठीण, हे यातून दिसतंच. पण सर्कल काढलं म्हणजे काम झालं, असंही नाही. सर्कल काढल्यावर मधली जागा मोकळी होते, आणि मोकळी जागा दिसली की आपण ती भरतो. काढायचं असेल तर त्याच दिवशी लेनचे पट्टे, बेटं आणि सिग्नल तयार हवेत. नाहीतर एका मोठ्या गोलाऐवजी दहा छोटे गोल होतील, ज्याचे त्याचे.

## खरी कोंडी चौकाच्या तोंडाशी

आता मी त्या टपरीवर जे पाहिलं ते सांगतो, कारण माझ्या मते द्वारकाची किल्ली तिथे आहे.

सिग्नल सुटला. सारडा सर्कलकडून गाड्या नाशिकरोडकडे निघाल्या. चौक ओलांडल्याबरोबर डाव्या कडेला एक शेअर रिक्षा थांबली. "रोड, रोड, एक सीट!" रोड म्हणजे नाशिकरोड. एक आजोबा पिशवी सावरत आले, आत कुठे बसायचं यावर दोन वाक्यं झाली, पिशवी मांडीवर की खाली यावर एक. पंधरा-वीस सेकंद. तिच्या मागे सिटीलिंकची बस. बसला उजवीकडून निघायचं होतं, पण उजवीकडे दुचाकींची माळ लागलेली. बस थांबली आणि तिचा मागचा अर्धा भाग चौकातच राहिला. इतक्यात मुंबई नाक्याच्या बाजूला हिरवा पडला. ते निघाले, बसच्या शेपटाशी येऊन अडले, पण मागचे पुढे सरकतच होते. त्यांनी सारडाकडची वाट बंद केली. रिक्षा केव्हाच निघून गेली होती. गोळा मात्र पुढचे दोन सिग्नल सुटला नाही.

रिक्षावाल्याचं म्हणणं मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, "काका, पुढं थांबलो तर सीट मिळत नाही. सीट इथं उभी असती. मी नाही थांबलो तर मागचा उचलतो." यात काय खोटं आहे?

वाहतूक मोजण्याचं एक माप आहे, पीसीयू. वेगवेगळ्या वाहनांना एका मोटारीच्या हिशेबात बसवण्याची ही सोय. मोटार १, दुचाकी साधारण अर्धी, बस किंवा ट्रक सुमारे ३. आतापर्यंत वाटेल की हे आकारावर आहे. पण आपल्याकडच्या जुन्या तक्त्यांत बैलगाडीला सहा ते आठ मोटारींचं माप दिलंय! बैलगाडी ट्रकपेक्षा मोठी थोडीच असते? ती हळू चालते, मागच्यांना अडकवते, म्हणून तिचं माप मोठं. म्हणजे रस्त्यावर वाहन किती जागा घेतं याच्याइतकंच ते दुसऱ्यांचा किती वेळ खातं, हे महत्त्वाचं. या हिशेबाने चौकाच्या तोंडाशी वीस सेकंद थांबलेल्या रिक्षाचं माप काय लावायचं? निदान बैलगाडीपेक्षा कमी नाही.

चौक जागेवर चालत नाही, वेळेवर चालतो. आणि हा वेळ आत शिरताना जेवढा वाया जातो, त्याहून जास्त बाहेर पडताना जातो. आपली सगळी मेहनत आत येणाऱ्याला थोपवण्यावर असते: सिग्नल, बॅरिकेड, पोलीस, दंड. बाहेर पडण्याच्या तोंडाशी मात्र बसथांबा, रिक्षा, खासगी बसवाल्यांचे एजंट, वडापावची गाडी आणि "दोनच मिनिटं" म्हणून लावलेली मोटार. नळाची तोटी फिरवत बसायचं आणि मोरीच्या जाळीत अडकलेला कचरा काढायचा नाही, असं हे आहे.

उपाय तुलनेने स्वस्त आहे. बसथांबा चौकापासून साधारण ७५ मीटर लांब असावा, असा संकेत आहेच. पण नुसता बसथांबा हलवून भागणार नाही. त्याच्याबरोबर रिक्षाथांबा हलला पाहिजे, दोन्हींसाठी रस्त्याच्या कडेला आत घेतलेला खाचा हवा, दिवे हवेत, आणि माणसांना तिथपर्यंत नेणारा चालता येईल असा फुटपाथ हवा. सीट जिथे उभी असेल तिथे रिक्षा थांबणार. सीट हलवा, रिक्षा आपोआप हलेल.

दुसरं, चौकाच्या मधल्या भागावर पिवळ्या रेषांची जाळी आखतात ती. तिचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो: समोर बाहेर पडायला जागा दिसत नसेल तर दिवा हिरवा असला तरी जाळीत शिरायचं नाही. या एका नियमावर कॅमेरा लावून दंड केला, तर हेल्मेटच्या दंडाइतकी बोंब होईल, पण बसचं शेपूट चौकात राहणार नाही.

## कोंडी आणि अपघात हे दोन वेगळे आजार

एक गैरसमज काढून टाकू. कोंडी सुटली की अपघात कमी होतील असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा उलटच असतं. तुंबलेल्या चौकात गाड्या दहाच्या वेगाने सरकतात. आरसे तुटतात, भांडणं होतात, माणसं सहसा मरत नाहीत. रात्री दोन वाजता चौक मोकळा असतो, सिग्नल पिवळा मिणमिणत असतो आणि कंटेनर साठच्या वेगाने येतो. जीव जातात ते तेव्हा.

भौतिकशास्त्र सोपं आहे. वेग दुप्पट झाला तर धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात ४० मीटर गेले, आणि ब्रेक अजून लागायचाय. म्हणून मिणमिणता पिवळा म्हणजे 'जा' नाही, 'हळू हो आणि बघून जा'. आपण तो सुटीचा दिवा समजतो.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या मिरची हॉटेल चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आणि ट्रक यांची धडक झाली, बस पेटली आणि बारा जणांचा होरपळून मृत्यू झाला. वेळ पहाटेची, कोंडीचा प्रश्नच नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये द्वारकाच्या पुलावरच, लोखंडी सळया भरलेल्या ट्रकवर मागून टेम्पो आदळला आणि त्यातल्या तरुणांचे जीव गेले. सळया गाडीच्या बाहेर आलेल्या. पुलावर चौकच नाही, टक्करजागा नाहीत, तरी हे घडलं. पुलावर पुढचा हळू आणि मागचा वेगात असेल, तर पूल वाचवत नाही.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे आपल्या एकूण रस्त्यांच्या दोनेक टक्के लांबी, पण मृत्यूंपैकी ३६ टक्के तिथले. महामार्ग गावातून जातो तिथे तो स्वतःला महामार्ग समजतो आणि गाव त्याला गल्ली समजतं. सरकारी व्याख्येत, महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो ब्लॅकस्पॉट. मला या व्याख्येचा एक राग आहे: जागा नोंदीत येण्यासाठी आधी पाच मोठे अपघात व्हावे लागतात किंवा दहा माणसं जावी लागतात. टक्करजागा मात्र माणूस न मारता मोजता येतात.

सुरक्षेसाठी लागणाऱ्या गोष्टी कोंडीच्या उपायांपेक्षा वेगळ्या आणि दिसायला किरकोळ असतात. चौकाच्या अलीकडे वेग टप्प्याटप्प्याने उतरवणाऱ्या पट्ट्या, कोपऱ्यावरचे होर्डिंग आणि टपऱ्या हटवून मोकळी केलेली नजर (होय, त्यात माझी चहाची टपरीही आली), पुलाखाली भरपूर उजेड, दुभाजकाच्या नाकावर चमकणारे रिफ्लेक्टर. आणि रात्रीही चालू राहणारा सिग्नल, भले छोट्या फेऱ्याचा.

## मग अंडरपास करूनच टाका ना!

करावा. चौकातला एक सरळ प्रवाह खाली उतरवला तर टक्करजागा धडाधड कमी होतात, यात वाद नाही. प्रश्न आहे तो अंडरपास कुठे संपतो याचा.

इंदिरानगरचा बोगदा आठवा. मोठा रस्ता वरून गेला, खालून बोगदा दिला, आणि रांग बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी जाऊन उभी राहिली. एकेरी कर, दुहेरी कर, असे खेळ नाशिकने पाहिलेत. कोंडी ही उंदरासारखी असते. एका बिळात पाणी ओतलं की शेजारच्या बिळातून निघते. द्वारकाचा अंडरपास जर काठे गल्लीच्या सिग्नलच्या आधीच वर आला, तर द्वारकाची रांग काठे गल्लीला मिळेल. म्हणून एकटा चौक बघून भागत नाही, पुढचे-मागचे दोन-तीन चौक मिळून बघावे लागतात आणि त्यांचे सिग्नल एकमेकांशी बांधावे लागतात.

पावसाचं पाणी हा दुसरा मुद्दा. खड्डा खणला की पाणी तिथे येणारच. पंप, जनरेटर आणि नाल्याची दिशा यांचा हिशेब पहिल्याच नकाशात हवा. तिसरा मुद्दा कामाच्या काळाचा. अंडरपास खणताना आहे तो रस्ताही अर्धा होतो, आणि हा काळ महिन्यांत नाही, वर्षांत मोजावा लागतो. तोवर तोंडं मोकळी ठेवणं हाच एक आधार.

## पायी चालणाऱ्यासाठी भुयार बांधलं होतं की!

बांधलं होतं. द्वारकाला पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग झाला आणि लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. आपण लगेच म्हणतो, लोकांना शिस्त नाही.

एकदा गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन तिथून जाऊन बघा. आधी भुयाराचं तोंड शोधा. मग पायऱ्या उतरा, ओलसर अंधारात चाला, परत तेवढ्याच पायऱ्या चढा, आणि वर आल्यावर कळतं की बस दुसऱ्याच बाजूला लागते. संध्याकाळनंतर एकटी बाई तिथे उतरत नाही, आणि बरंच करते. माणूस पाण्यासारखा सर्वांत कमी चढाच्या वाटेने जातो. गाडीला इंजिन आहे, चढ तिला द्यायला हवा होता; आपण तो गुडघ्यांना दिला.

जमिनीवरून ओलांडायचं तर हिशेब असा. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. ३० मीटर रुंद रस्त्याला २५ सेकंद. म्हाताऱ्यांना त्याहून जास्त. एवढा वेळ एका दमात देता येत नसेल तर मध्ये उभं राहायला उंच, रुंद बेट द्यायचं, म्हणजे अर्धा रस्ता एकदा, अर्धा नंतर. द्वारकाला पुलाचे खांब मध्ये उभे आहेतच. त्यांच्यामधली जागा आज पार्किंगला आणि झोपायला वापरली जाते.

## "शिस्त लावा, सगळं सुटेल"

हे वाक्य ऐकून कान किटलेत. शिस्त हवीच, नाही कोण म्हणतं? पण तोच नाशिककर विमानतळाच्या रांगेत निमूट उभा राहतो. तिथे रांगेला दोरी असते, पुढे किती जण आहेत ते दिसतं आणि मध्ये घुसून फायदा होत नाही. द्वारकाला लेनचे पट्टे पुसलेले, आपली पाळी कधी येणार माहीत नाही, आणि घुसणारा खरंच आधी पोहोचतो. जिथे घुसण्याचं बक्षीस मिळतं तिथे साधू पण घुसेल.

## आणि साधू येणारच आहेत

३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. पर्वणीच्या दिवशी द्वारका हा चौक म्हणून चालवताच येणार नाही. तिथे गंगापूर धरणाचा धडा कामी येतो. गोदेला पूर येतो तेव्हा आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी कमरेला लागलं की छातीला, यावरून अंदाज करतो. पण पूर आटोक्यात ठेवला जातो तो मारुतीपाशी नाही, वर धरणावर, किती क्युसेक विसर्ग कधी सोडायचा यावर. गाड्यांचंही तसंच. २०१५ च्या सिंहस्थात शहराबाहेर वाहनतळ करून तिथून भाविकांना बसने आत आणलं गेलं, तो हाच विसर्ग.

रोजच्या संध्याकाळीही हे करता येतं. पुण्याहून धुळ्याला जाणाऱ्या अवजड गाडीला सहा ते नऊ या वेळात सिन्नरलाच थांबवणं किंवा वळवणं, म्हणजे द्वारकाच्या वरच्या अंगाला दरवाजा लावणं. मालवाहतूकदार नाराज होतील आणि त्यांची नाराजी पोकळ नाही. द्राक्ष थांबत नाही. म्हणून नाशवंत मालाला सूट आणि बाकीच्यांना थांबायला पाणी, संडास, सावली असलेली जागा, एवढं आधी करावं लागेल.

परवा पुन्हा त्याच टपरीवर होतो. एक हवालदार चौकाचा मध्य सोडून नाशिकरोडच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. रिक्षा थांबली की टपावर दोन थापा, "चल पुढं, पुढं घे." बस आली, थांब्यावर न थांबता जरा पुढे गेली, माणसं तिच्यामागे पळाली. तीन सिग्नल ओळीने रांग पूर्ण सुटली. आयशरवालासुद्धा पहिल्याच हिरव्यात निघाला. मग कोणीतरी हवालदाराला चहाला हाक मारली. तो रस्ता ओलांडून आला, ग्लास हातात घेतला, आणि पाठीमागून आवाज आला, "रोड, रोड, एक सीट!"